पॉपकॉर्न मशिनवर कॉफी भाजतोय, आरओआरचा ग्राफ करवतीसारखा येतोय आणि एसएसआर पण ऐकत नाही

कॉफीवेडा_नाशिक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

दिवाळीनंतर घरी कॉफी भाजायचं खूळ डोक्यात शिरलं. आधी कढईत केलं, धूर एवढा झाला की वरच्या मजल्यावरचे काका खाली विचारायला आले. मग एक गरम हवेवालं पॉपकॉर्न मशिन घेतलं, १२०० वॉटचं, बाजूच्या फटींतून हवा येते ते. (जाळी खाली असते ते नाही, त्यात फोलपटं कॉइलवर पडून पेटतात असं इथेच वाचलं होतं.) महिनाभर तसंच वापरलं, ४ मिनिटांत सगळा खेळ खल्लास, बिया बाहेरून भाजलेल्या आणि आतून कच्च्या. म्हणून मशिन उघडलं. पंख्याला वेगळा डीसी सप्लाय दिला, हीटर एसएसआरवर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच) टाकला, आर्डुइनो ऊनो बोर्ड, के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायचा प्रोब), तो वाचायला मॅक्स६६७५ चिपचं मॉड्यूल, लॅपटॉपवर आर्टिसन (रोस्टचा ग्राफ काढणारं सॉफ्टवेअर). थर्मोस्टॅट सारखा ट्रिप व्हायचा म्हणून काढून टाकलाय.

आता रडगाणं. आर्टिसनमध्ये बीन टेम्परेचरची रेघ बरी दिसते पण आरओआर (रेट ऑफ राइज, तापमान मिनिटाला किती डिग्रीने चढतंय ते) म्हणजे करवत आहे हो. एका सेकंदाला मिनिटाला ३० डिग्री, पुढच्या सेकंदाला शून्य, मग परत १५, हीटर चालू होताना तर टेम्परेचर स्वतःच ८-१० डिग्री उडी मारतं आणि परत येतं. त्यावरून उष्णता कमी करायची का वाढवायची काही कळत नाही. दुसरं म्हणजे स्केचमध्ये (ऊनोच्या प्रोग्रॅममध्ये) हीटरला ५० टक्के दिले काय आणि ७० दिले काय फरक जाणवत नाही, आणि मध्येच कधीतरी ३० टक्क्यांवर कॉइल लालबुंद. पीआयडी (तापमान बघून हीटर आपोआप कमी-जास्त करणारा कंट्रोल) लावून बघितला तर अजूनच वेडा झाला, वर-खाली वर-खाली.

गेल्या रविवारचा रोस्ट: ९० ग्रॅम, चिकमगळूरची प्लँटेशन ए (अरेबिकाची एक प्रत), पिवळा रंग साधारण २:४० ला, फर्स्ट क्रॅक (बियांचा पहिला तडतडाट) ५:२० ला सुरू झाला आणि तेव्हा प्रोब सांगत होता २१८! सगळीकडे तर १९६ ते २०५ लिहिलेलं असतं. चव गवताळ, कच्च्या शेंगदाण्यासारखी. आणि एक गंमत, तोच रोस्ट संध्याकाळी केला की दीड-दोन मिनिटं जास्त लागतात, सेटिंग तंतोतंत तेच.

चिखलदऱ्याहून अर्धा किलो कच्ची कॉफी आणलीये, ती वाया घालवायची नाहीये. आधी हे सरळ करायचंय. काय चुकतंय?

हां, अजून एक, रोस्ट चालू असताना लॅपटॉपच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. ते बहुतेक चार्जरचं असेल.

---

चहाच_बरा

एवढी वायरिंग करून शेवटी कॉफी शेंगदाण्यासारखी लागते? आमच्या चौकात १० रुपयांत कटिंग मिळतो भावा, पीआयडीशिवाय 😄

बाकी ते मुंग्यांचं मला काही बरं वाटत नाही. जाणकार बघतील.

---

पुणेरी_बोर्ड

तुझ्याकडे दोन वेगळे घोळ आहेत आणि दोन्ही मी स्वतः केलेत म्हणून लगेच ओळखू आले.

आधी करवत. मॅक्स६६७५ पाव डिग्रीच्या पायऱ्यांनी मोजतो, ०.२५ च्या खाली त्याला काही दिसतच नाही. तू आर्टिसनचं सॅम्पलिंग १ सेकंदावर ठेवलंयस ना? आता गणित कर, एका सेकंदात रीडिंग एक पायरी चढलं तर ०.२५ गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला १५ डिग्री. पायरी चढली नाही तर शून्य. दोन चढल्या तर ३०. तू लिहिलेले आकडे बघ, ३०, ०, १५! तो ग्राफ कॉफीचा नाहीच, तो चिपच्या पायऱ्यांचा ग्राफ आहे. हाच फरक ३० सेकंदांच्या अंतरावर काढलास तर एका पायरीची चूक मिनिटाला फक्त अर्धी डिग्री उरते. सॅम्पलिंग ३ सेकंद कर, कर्व्ह्जच्या सेटिंगमध्ये डेल्टा स्पॅन (किती सेकंदांच्या फरकावरून आरओआर काढायचा ते) असतो तो वाढव, मी २० ते ३० च्या मध्ये ठेवतो. रेघ थोडी उशिरा वळेल पण खरी वळेल.

आणि स्केचमध्ये चिप किती वेळाने वाचतोयस ते बघ. तिला एक मोजमाप पूर्ण करायला जवळपास ०.२२ सेकंद लागतात, त्याच्या आत तू परत विचारलंस की ती चालू मोजणी टाकून देते आणि जुनाच आकडा परत देते. मी लूपमध्ये डिले ५० मिलिसेकंद ठेवला होता आणि टेम्परेचर २७.५० वर तासभर गोठलेलं, मला वाटलं मॉड्यूल गेलं, दुसरं मागवलं, ते पण २७.५० 🤦 पाव सेकंदातून एकदा वाच आणि चार-पाच रीडिंगची सरासरी आर्टिसनला पाठव.

आता एसएसआर. अंदाज सांगतो, तू अ‍ॅनलॉगराइट वापरलंयस आणि एसएसआर झिरो-क्रॉसवाला आहे. ऊनोच्या बहुतेक पिनांवर ते पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद करून ताकद कमी-जास्त करणं) ४९० हर्ट्झचं असतं, म्हणजे चालू-बंदची एक फेरी २ मिलिसेकंदांत संपते. आपली लाइन ५० हर्ट्झ, ती शून्यातून जाते दर १० मिलिसेकंदांनी, आणि झिरो-क्रॉस एसएसआर फक्त त्याच क्षणी डोळा उघडून बघतो की इनपुट आहे का. असेल तर अख्खी अर्धी लाट सोडून देतो. म्हणजे तुझे ५० टक्के म्हणजे नाणेफेक आहे, कधी सगळं पडतं कधी काहीच नाही. म्हणून ३० वर लालबुंद.

इलाज सोपा आहे. अ‍ॅनलॉगराइट काढ आणि १ सेकंदाची खिडकी धर, ६० टक्के हवे असतील तर ६०० मिलिसेकंद चालू ४०० बंद. एका सेकंदात १०० अर्ध्या लाटा असतात, म्हणजे एकेका टक्क्याचं कंट्रोल फुकटात मिळालं. कॉइलला एका सेकंदाचा चालू-बंद कळतही नाही.

पीआयडी तोपर्यंत बंद ठेव. खोट्या आकड्यावर पीआयडी लावला की तो खोट्याच्या मागे धावतो.

---

कॉफीवेडा_नाशिक

दादा, अ‍ॅनलॉगराइटच आहे 🙈 आणि सॅम्पलिंग १ सेकंद, मला वाटलं जेवढं जास्त मोजू तेवढं चांगलं. आज रात्रीच बदलतो. पण हीटर चालू होताना ८-१० डिग्रीची उडी, ती पण यातलीच का?

---

भोसरीचा_इन्स्ट्रुमेंटवाला

रात्री काही बदलू नका. आधी हे वाचा मग प्लग लावा.

मी बावीस वर्षं कारखान्यांत भट्ट्यांची इन्स्ट्रुमेंट्स सांभाळली. तुमची पोस्ट वाचत आलो आणि शेवटच्या ओळीला चहा खाली ठेवला. लॅपटॉपच्या पत्र्याला मुंग्या. ते चार्जरचं असू शकतं, आपल्याकडे तीन पिनच्या चार्जरला दोन पिनचं कन्व्हर्टर लावायची सवय आहे, अर्थिंग नसलं की तशा मुंग्या येतात. पण तुमच्या केसमध्ये दुसरंही असू शकतं आणि ते जीवावरचं आहे.

ते मशिन कंपनीतून येतं तेव्हा दोन पिनचं, बाहेरून प्लास्टिक, आतल्या धातूच्या भांड्याला अर्थिंग नाही. हात लागत नाही म्हणून चालतं. तुम्ही उघडलंत, आणि त्या भांड्यात स्टीलचा प्रोब घातलात. स्वस्तातल्या बऱ्याच प्रोबमध्ये आतलं जंक्शन बाहेरच्या नळीलाच वेल्ड केलेलं असतं. मॅक्स६६७५ ची मायनस बाजू मॉड्यूलवर ग्राउंडला जोडलेली. ग्राउंड ऊनोला, ऊनो यूएसबीतून लॅपटॉपला. म्हणजे कॉइलचा अभ्रक एखाद्या ठिकाणी फुटला आणि तार भांड्याला टेकली तर २३० व्होल्ट सरळ तुमच्या कीबोर्डपर्यंत, मध्ये अडवायला कोणी नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवला तरी सुटका नाही, उलट मग तो अख्खाच २३० वर तरंगतो आणि अर्थिंगचा रस्ता तुम्ही होता.

हाताने तपासायचं नाही. प्लग काढून, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून, एक टोक प्रोबच्या नळीला आणि दुसरं त्याच्या वायरला. बीप वाजला तर ग्राउंडेड प्रोब आहे, तो बाजूला ठेवा आणि अनग्राउंडेड मागा, दुकानदाराला तसंच म्हणा, कळतं त्यांना. मग भांड्याला स्क्रूने अर्थची वायर, तीन पिनचा प्लग, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे का बघा. नसेल तर कॉफी नंतर, आधी इलेक्ट्रिशियन.

दुसरी गोष्ट, थर्मोस्टॅट काढलात. ठीक, तो ठेवला असता तर दर अर्ध्या मिनिटाला चालू-बंद होऊन रेघेत लाटा आल्या असत्या. पण थर्मल फ्यूज (फार तापलं की लाइन कायमची तोडणारा) तरी ठेवलाय का? एसएसआर मरतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतो. म्हणजे स्केच शून्य टक्के म्हणतंय आणि हीटर पूर्ण चालू. त्यात तुमचा पंखा वेगळ्या सप्लायवर, तो बंद पडला तर कॉइलवर हवा नाही, आणि आत फोलपटं. तेव्हा हीटरच्या लाइनमध्ये थर्मल फ्यूज आणि हाताशी येईल असा एक साधा स्विच पाहिजेच, माऊसने बंद होणारा नाही, बोटाने बंद होणारा. एसएसआरला हीटसिंक लावा, साधारण दर अँपिअरला एक वॉट तो स्वतः तापतो, तुमचे ५ अँपिअर म्हणजे ५-६ वॉट, हाताला चटका बसेल एवढा.

आता तुमची ८-१० डिग्रीची उडी. के टाइप एका डिग्रीला फक्त ४१ मायक्रोव्होल्ट देतो. दहा डिग्री म्हणजे अर्धा मिलिव्होल्टसुद्धा नाही. एवढा कचरा, म्हणजे खोटा सिग्नल, शेजारून जाणारी हीटरची वायर सहज टाकते. थर्मोकपलची वायर हीटरच्या वायरीबरोबर एकाच टायने बांधलीत ना? सगळे बांधतात, नीटनेटकं दिसतं म्हणून. वेगळी काढा, दोन्ही तारांना पीळ द्या, एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. मॉड्यूलच्या दोन स्क्रूंच्या मध्ये १० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, त्यावर १०३ छापलेलं असतं. पंख्याच्या मोटरच्या टोकांवर १०४ वाला, ब्रशच्या ठिणग्या शमतात.

वायर लांबवली असेल तर साध्या तांब्याच्या वायरने लांबवलेली चालत नाही, के टाइपचीच लागते, नाहीतर जिथे जोड आहे तिथलं तापमान मोजण्यात घुसतं आणि तुमचा जोड मशिनला चिकटून असणार. प्लस-मायनसचा गोंधळ असेल तर रंगावर विश्वास ठेवू नका. अमेरिकन पद्धतीत लाल तार मायनस असते, आपल्याकडे येणाऱ्या चिनी प्रोबला बहुधा लाल प्लस. फ्रिजवरचं मॅग्नेट काढा आणि तारेचं उघडं टोक त्याला लावा. जी चिकटते ती अल्युमेल, म्हणजे मायनस. आमच्या शॉपवर नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी हे करून दाखवायचो.

मग पाणी उकळा आणि प्रोब बुडवा, तळाला टेकवू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, तिथे पाणी ९८ ला उकळतं, १०० ला नाही. ९८ च्या दोन डिग्री इकडे-तिकडे दाखवलं की मोजमाप शाबूत आहे समजा.

आणि २१८? प्रोब शाबूत असूनही तुम्हाला २१८ दिसेल, कारण तुमचं टोक फटीच्या तोंडाशी असणार. ते बी मोजत नाही, हवा मोजतंय.

---

कॉफीवेडा_नाशिक

काका, घाबरवलंत पण बरं केलंत. प्लग काढून बीप चेक केला. वाजला. थर्मल फ्यूज पण नाहीये, थर्मोस्टॅटबरोबर एकाच पट्टीवर होता, दोन्ही गेले. वायरी एकाच टायने बांधलेल्या आहेत, तुम्ही माझ्या ओट्यावर कॅमेरा लावलाय का 😅 आठवडाभर मशिन बंद. संध्याकाळचं कोडं तेवढं सांगा.

---

भोसरीचा_इन्स्ट्रुमेंटवाला

कोडं कसलं, सॉकेटमध्ये मल्टिमीटर घालून बघा. सकाळी किती, संध्याकाळी सात वाजता किती. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सकाळी २३८ आणि संध्याकाळी २१२ असेल तर व्होल्टेज दहा-अकरा टक्केच पडलं पण उष्णता वीस टक्क्यांहून जास्त पडली. तुमचे ७० टक्के संध्याकाळी ५५ होतात. पूर्वी पंखा कॉइलवरूनच चालायचा तेव्हा व्होल्टेज पडलं की पंखापण हळू व्हायचा, हवा कमी, तेवढी भरपाई व्हायची. आता पंखा वेगळा केलात, तो पूर्ण जोरात आणि कॉइल गार.

स्टॅबिलायझरच्या भानगडीत पडू नका. जुन्या बाजारात ८ अँपिअरचा डिमरस्टॅट (मूठ फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) मिळाला तर घ्या, लॅबवाले काढून टाकतात. त्याने हीटर चालवला तर एसएसआर, खिडकी, कचरा सगळंच गेलं, नुसती मूठ फिरवायची. जड असतो, आठ-दहा किलो, बायको बोलेल. फक्त घरातल्या पंख्याचा रेग्युलेटर लावायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका, आमच्या एका मित्राने लावला होता, पहिल्या क्रॅकच्या आधी रेग्युलेटरच क्रॅक झाला.

---

कढईवाली

मी मध्ये बोलू का? मला तुमचं हर्ट्झबिर्ट्झ अर्धं कळलं नाही, पण मी तीन वर्षं लोखंडी कढईत भाजतेय, दर आठवड्याला २०० ग्रॅम, आणि घरात आलेले लोक कॉफी परत मागतात.

माझं लॉगिंग म्हणजे वही. तारीख, कोणती कॉफी, कच्चं वजन, पिवळी कधी झाली, पहिला तडतडाट कधी, उतरवली कधी, भाजलेलं वजन. बास. यातलं वजन सगळ्यात कामाचं आहे आणि इथे कुणी त्याचं नावच घेतलं नाही. २०० ची १७२ झाली म्हणजे १४ टक्के घटली, ती माझी रोजची मध्यम भाजणी. १२ च्या खाली राहिली तर आत कच्ची असणार, १८ च्या वर गेली की तेल सुटायला लागतं आणि कडवट होते. पाच-सहाशे रुपयांच्या किचनच्या काट्यावर कळतं हे. प्रोब २१८ म्हणू दे नाहीतर १८० म्हणू दे, काटा खोटं बोलत नाही. नाशिककर, तुमच्या त्या गवताळ कॉफीचं वजन केलं होतं का?

आणि कान. पहिला क्रॅक लाह्या फुटल्यासारखा, मोकळा, टपोरा आवाज. दुसरा मोहरी तडतडते तसा, बारीक, पटापट. मशिनच्या पंख्याच्या घरघरीत तो ऐकू येतो का हो? मला कढईचं तेवढं सुख आहे.

लांबून तापमान मोजायची ती लेझरवाली गन मिळते ना, तीपण मी घेतली होती. लोखंडी कढईवर बरी चालते, पण लेकीच्या घरी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यावर मारली तर भांडं फोडणी जाळतंय आणि गन म्हणते ७०. चकचकीत पृष्ठभागावर ती कमीच दाखवते. धूर मध्ये आला की अजूनच. आता नातू खेळतो तिच्याशी.

---

ड्रमवाला_बेळगाव

ताई म्हणतात ते बरोबरच आहे, काट्याला तोड नाही. पण नाशिककरांना उष्णता कधी कमी करायची ते विचारायचं होतं आणि ते अजून कुणी सांगितलं नाही, म्हणून माझं पुराण.

माझा गॅसवरचा ड्रम आहे, ५०० ग्रॅमचा, फॅब्रिकेटरकडून करून घेतलाय, प्रोब स्थिर बाजूने बियांच्या ढिगात जातो. मी १८० ला बिया टाकतो, स्क्रीनवर रेघ धाडकन ९० पर्यंत खाली येते आणि सव्वा मिनिटाला वळते. सुरुवातीला मला वाटायचं बिया ९० ला पोचल्या. छे, बिया तर खोलीच्या तापमानाच्या होत्या, त्या कधी खाली आल्याच नाहीत. तापलेला प्रोब गार होतोय आणि गार बिया तापतायत, दोघं जिथे भेटतात ते टर्निंग पॉइंट. जाड प्रोब घेतला की हे वळण अजून उशिरा. मी आधी ६ मिलिमीटरचा वापरायचो, आता ३ चा आहे, बिया त्याच, गॅस तोच, आणि फर्स्ट क्रॅकचा आकडा सहा डिग्रीने बदलला! तेव्हा दुसऱ्याचा १९६ आपल्या कामाचा नाही. तुमच्या प्रोबचा फर्स्ट क्रॅक तुमच्या प्रोबचा. फक्त त्याला एकदा जागा दिली की हलवायचं नाही.

पॉपकॉर्न मशिनमध्ये जागेचा जास्त त्रास. बिया भाजताना फुगतात, जवळपास दीडपट, आणि हलक्या होतात, त्यामुळे सुरुवातीला ढीग खाली बसलेला असतो आणि शेवटी वर उसळतो. वरून लटकवलेला प्रोब सुरुवातीला हवेत आणि नंतर बियांत असं होतं, मग मध्येच आरओआर पडल्यासारखा दिसतो आणि माणूस उगाच हीटर वाढवतो. फटींच्या रेघेच्या वर, भिंतीपासून सेंटिमीटरभर आत, सुरुवातीच्या थंड ढिगातसुद्धा बुडेल असं टोक ठेवा.

आता आच. रवा भाजताना गॅस बंद केला तरी कढईत तो पुढे भाजत राहतो ना, तसंच. कॉफी तर त्याहून वाईट, कारण आज फिरवलेल्या नॉबचा परिणाम रेघेत दिसायला माझ्याकडे अर्धं मिनिट जातं. फर्स्ट क्रॅक ऐकू आल्यावर आच कमी करणं म्हणजे उशीर झाला. मी क्रॅकच्या साधारण एक मिनिट आधी, म्हणजे माझ्या प्रोबवर १८५ ला, गॅस एक पायरी खाली घेतो. क्रॅकमध्ये बियांतून वाफ सुटते, रेघ थोडी बसते, तेव्हा घाबरून आच वाढवायची नाही. वाढवली की वाफ संपल्यावर रेघ उसळते आणि शेवटच्या मिनिटात सगळं करपतं. कॉफी भाजण्यावर पुस्तकं लिहिणारे स्कॉट राव वगैरे मंडळी आरओआर सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतरता ठेवा म्हणतात ते यासाठीच. माझा सुरुवातीला २० च्या आसपास असतो, क्रॅकपर्यंत ९-१०, उतरवताना ५-६.

हवेच्या मशिनमध्ये दोन लगाम आहेत हे लक्षात ठेवा. बिया जड असताना पंखा जोरात लागतो नाहीतर हलतच नाहीत, हलक्या झाल्या की पंखा कमी करता येतो. पण पंखा कमी केला की तीच कॉइल हवा जास्त गरम करते. म्हणजे पंखा कमी करणं हे आच वाढवण्यासारखंच. दोन्ही एकाच वेळी फिरवलेत तर काय कशामुळे झालं कधीच कळणार नाही.

आणि पीआयडीबद्दल पुणेरी दादांशी थोडं मतभेद. पीआयडी वाईट नाही, तो बियांच्या प्रोबवर लावू नये एवढंच. बियांचा प्रोब सुस्त असतो, पीआयडीला आपण काय केलं ते उशिरा कळतं म्हणून तो झोके घेतो. आत येणाऱ्या गरम हवेवर दुसरा प्रोब लावा आणि त्याला पीआयडी द्या, तिथे उत्तर दोन-तीन सेकंदांत मिळतं. वर हेही की मग संध्याकाळचं व्होल्टेज पडलं तरी तो आपोआप टक्के वाढवून घेतो.

चिखलदऱ्याच्या कॉफीत दाण्यांचे आकार मिश्र असतील तर आधी चाळून घ्या. लहानमोठे एकत्र टाकले की क्रॅक लांबत जातो, संपला कधी तेच कळत नाही.

---

पुणेरी_बोर्ड

हवेवर पीआयडी, हे मान्य. मी एकाच प्रोबवर होतो म्हणून तसं लिहिलं. पण एवढ्यात त्याला दुसरा प्रोब सांगू नका हो, पहिल्याची अर्थिंग होऊ दे.

---

कॉफीवेडा_नाशिक

तीन आठवड्यांनी येतोय, सगळ्यांचे आभार.

झालेली कामं: इलेक्ट्रिशियन बोलावला, आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये किचनच्या सॉकेटला अर्थच नव्हता, ग्रीन वायर बोर्डात नुसती गुंडाळून ठेवलेली! ती केली, आरसीसीबी बसवला. भांड्याला अर्थ. अनग्राउंडेड प्रोब, ३ मिलिमीटरचा. थर्मल फ्यूज परत. लाल डोक्याचा स्विच ओट्यावर, आईला पण दाखवून ठेवलाय. लॅपटॉपच्या मुंग्या गेल्या, काकांनी सांगितलं तसं टेस्टरने बघितलं, हाताने नाही.

मॅग्नेटची जादू करून बघितली, माझी निळी तार चिकटली, म्हणजे तेवढं आधीपासून बरोबर होतं. उकळत्या पाण्यात ९७.२५. वायरी वेगळ्या केल्यावर आणि १०३ लावल्यावर हीटरची उडी एका डिग्रीच्या आत आली. खिडकीवालं स्केच टाकलं आणि पहिल्यांदाच ५० आणि ७० मधला फरक कॉइलच्या रंगावरून डोळ्यांना दिसला. आरओआर आता उताराच्या रस्त्यासारखा दिसतो, मध्ये दोन-चार स्पीडब्रेकर आहेत.

व्होल्टेज: सकाळी सातला २३६, संध्याकाळी साडेसातला २१४. पीआयडी बंदच ठेवलाय. सकाळी ६५ ने सुरू करतो, संध्याकाळी ८०, भागाकार करून काढलं आणि जमलं.

रविवारचा रोस्ट, तीच प्लँटेशन ए, १०० ग्रॅम: पिवळी ४:१०, हीटर ५५ केला ६:५० ला, फर्स्ट क्रॅक ७:५० ला, प्रोबवर २०३, उतरवली ९:२० ला. चाळणीत टाकून टेबल फॅनखाली धरली, तीन मिनिटांत हाताला गार. फोलपटं मात्र अख्ख्या बाल्कनीत आणि खालच्यांच्या तुळशीत. चौथ्या दिवशी प्यायलो. गवत गेलं. थोडी गुळासारखी गोडी होती, शेवटी जराशी कोरडी वाटली.

चिखलदऱ्याची अजून हात लावला नाहीये, चाळून ठेवलीये.

---

कढईवाली

सगळं लिहिलंत, वजन किती घटलं ते लिहिलंच नाही.

---

कॉफीवेडा_नाशिक

१०० ची ८५.५ ताई. वहीत आहे. इथे लिहायचं राहिलं.